कामाच्या ठिकाणी भेदभाव झाला तर: पारलिंगी व्यक्तींसाठी तक्रारीची वाट, पायरी पायरीने

पारलिंगी व्यक्तीला कामावरून काढताना 'तू पारलिंगी आहेस म्हणून' असे कागदावर कोणीही लिहून देत नाही. कागदावर 'कामगिरी असमाधानकारक', 'पद रद्द झाले', 'कंत्राटाची मुदत संपली' असे शब्द येतात, आणि बऱ्याचदा कागदच येत नाही. 'उद्यापासून येऊ नका' एवढे तोंडी सांगून विषय मिटवला जातो. त्यामुळे अन्याय झाला आहे हे ज्याच्यावर तो झाला त्याला पुरते ठाऊक असते, पण तो दुसऱ्याला दाखवता येत नाही. हा लेख त्यासाठी आहे. विधी स्वयंसेवक म्हणून तक्रारदारांसोबत बसताना मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली: कायद्याचे ज्ञान कमी पडल्यामुळे जेवढ्या तक्रारी फसतात, त्याहून अधिक तक्रारी तारीख, वेळ आणि पोच नसल्यामुळे फसतात. सरकारी कागदांत 'तृतीयपंथी' हा शब्द असतो. या लेखात मी 'पारलिंगी' हा शब्द वापरते, आणि त्यात ट्रान्स स्त्रिया, ट्रान्स पुरुष, हिजडा, किन्नर, जोगते अशा सर्वांचा समावेश धरते.

कायदा हातात काय देतो

१५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या याचिकेवर निकाल देताना तृतीय लिंगाला मान्यता दिली आणि समानता, भेदभावापासून संरक्षण, सरकारी नोकरीतील समान संधी, अभिव्यक्ती आणि प्रतिष्ठेने जगणे हे राज्यघटनेतील अधिकार पारलिंगी व्यक्तींनाही तितकेच लागू आहेत असे स्पष्ट केले. त्यानंतर पारलिंगी व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) कायदा, २०१९ आला. तो १० जानेवारी २०२० पासून लागू झाला आणि त्याखालील नियम सप्टेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध झाले.

कामाच्या संदर्भात या कायद्याची तीन कलमे पाठ असावीत. कलम ३ शिक्षण, नोकरी, आरोग्यसेवा, सार्वजनिक सोयी, घर अशा सर्व ठिकाणी भेदभावाला मनाई करते. नोकरी नाकारणे, नोकरीवरून काढणे आणि नोकरीत अन्यायकारक वागणूक देणे ही तिन्ही त्यात येतात. कलम ९ नुसार कोणत्याही आस्थापनेला भरती, बढती किंवा नोकरीशी संबंधित अन्य बाबीत पारलिंगी व्यक्तीशी भेदभाव करता येत नाही. कलम ११ प्रत्येक आस्थापनेवर तक्रार अधिकारी नेमण्याचे बंधन घालते. 'आस्थापना' या शब्दाची व्याख्या कायद्याने फार रुंद ठेवली आहे: सरकारी कार्यालये आणि अनुदानित संस्था तर आहेतच, पण खासगी कंपनी, भागीदारीतील पेढी, सहकारी संस्था, ट्रस्ट, एजन्सी या सगळ्या तिच्यात बसतात. 'आम्ही खासगी आहोत, आम्हाला हे लागू नाही' असे उत्तर मिळाले, तर ते चुकीचे आहे.

एक उणीव मात्र आधीच सांगितली पाहिजे. कलम ९ मोडणाऱ्या मालकाला अमुक इतका दंड होईल, असे हा कायदा थेट कोठेही म्हणत नाही. मनाई आहे, पण मनाईच्या पाठीमागे ठरलेली शिक्षा नाही. या उणिवेचा फायदा घेणारे बरेच आहेत. म्हणूनच जेन कौशिक या शिक्षिकेचे प्रकरण माहीत असणे उपयोगाचे आहे. उत्तर प्रदेशातील एका शाळेतील नोकरी गेल्यानंतर गुजरातमधील दुसऱ्या शाळेने देऊ केलेली नोकरीही ओळख कळताच नाकारली, तेव्हा त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी न्यायालयाने त्यांना भरपाई मंजूर केली, कायदा कागदावरच ठेवल्याबद्दल सरकारांनाही जबाबदार धरले, आणि समान संधी धोरणाचा मसुदा करण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती आशा मेनन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. खासगी शाळेविरुद्धही दाद मिळू शकते, हे या निकालाने दाखवून दिले आहे, आणि तक्रारीत त्याचा उल्लेख अवश्य करावा.

पहिली पायरी: नोंदवही

एका कारखान्याच्या पॅकिंग विभागात काम करणारी एक ट्रान्स स्त्री माझ्याकडे आली तेव्हा तिच्या पिशवीत शाळकरी मुलांची शंभर पानी वही होती. पुढच्या पानांवर किराण्याचा हिशेब होता आणि मागून उलटे धरले की नोंदी सुरू होत होत्या. 'मंगळवार. किल्ली दिली नाही. पाणी पिणे बंद केले.' 'बुधवार. हजेरीच्या वेळी मुद्दाम जुने नाव, तीन वेळा. सगळे हसले.' 'शनिवार. ओव्हरटाइम सर्वांना, मला नाही.' दिवसभर लघवीला जायला लागू नये म्हणून तिने कामावर पाणी पिणे सोडले होते आणि त्यातून तिला मूत्रमार्गाचा संसर्ग झाला होता. दवाखान्याची चिठ्ठीही त्याच वहीत घडी करून ठेवली होती. तिला स्वतःला ते रडगाणे वाटत होते. प्रत्यक्षात ती वही म्हणजे तिच्या प्रकरणाचा कणा होती. तीत फक्त वाराऐवजी तारीख हवी होती आणि हजर असलेल्यांची नावे हवी होती.

अशी नोंद पहिल्या प्रसंगापासूनच ठेवावी आणि शक्यतो त्याच दिवशी लिहावी. प्रत्येक नोंदीत तारीख, वेळ, जागा, कोण काय म्हणाले ते त्यांच्याच शब्दांत, आणि जवळ कोण होते एवढे असावे. शिवी असेल तर शिवी जशीच्या तशी लिहावी. 'अपशब्द वापरले' या शब्दांतून वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे तुलना. भेदभाव सिद्ध होतो तो दुसऱ्याला मिळालेले मला मिळाले नाही यावरून. ओव्हरटाइम कोणाला मिळाला, तेवढ्याच अनुभवाच्या कोणाला बढती मिळाली, त्याच पाळीतल्या कोणाला लॉकर मिळाले, हे नोंदले नाही तर 'हिला सगळ्यांसारखेच वागवले' असे म्हणायला समोरचा मोकळा राहतो.

व्हॉट्सअ‍ॅपवरील संदेशांचे स्क्रीनशॉट घ्यावेतच, पण मूळ संदेश पुसू नयेत आणि तो फोन विकू किंवा रीसेट करू नये. न्यायालयात इलेक्ट्रॉनिक पुरावा दाखल करताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्र जोडावे लागते आणि त्यासाठी मूळ उपकरण हाताशी असलेले बरे. नेमणूकपत्र, पगाराच्या चिठ्ठ्या, हजेरीचे फोटो, चांगल्या कामाबद्दल आलेले जुने ईमेल हे सगळे कंपनीच्या संगणकावर न ठेवता स्वतःकडे ठेवावे. कामावरून काढले त्या दिवशी सर्वांत आधी बंद होतो तो ऑफिसचा ईमेल.

राजीनाम्यावर सही करण्याआधी

'शांतपणे राजीनामा द्या, पुढे चांगला दाखला देऊ' हे वाक्य जवळजवळ प्रत्येक प्रकरणात ऐकू येते. एकदा राजीनाम्यावर सही झाली की 'ती स्वतःच सोडून गेली' हा बचाव तयार होतो आणि तो मोडायला वर्षे लागतात. म्हणून त्या खोलीत सही करू नये. 'मला वाचायला एक दिवस हवा आहे' असे म्हणून बाहेर यावे. दबावाखाली सही झालीच असेल, तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी स्वतःच्या ईमेलवरून लिहावे: 'आज अमुक वेळी अमुक व्यक्तींनी दबाव आणून माझ्याकडून राजीनाम्यावर सही घेतली. हा राजीनामा मी स्वेच्छेने दिलेला नसून तो मी मागे घेत आहे.' तोंडी काढले असेल, तर दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी कामावर जावे, दारावर अडवले तर तेथूनच 'मी कामावर हजर आहे, मला आत सोडले जात नाही' असा संदेश वरिष्ठांना पाठवावा आणि त्याची प्रत ठेवावी. नोकरी सोडून गेल्याचा आरोप पुढे होतोच. त्याला हे उत्तर आहे.

दुसरी पायरी: धोरण मागणे आणि तक्रार अधिकारी शोधणे

२०२० च्या नियमांनुसार प्रत्येक आस्थापनेने पारलिंगी व्यक्तींसाठी समान संधी धोरण तयार करून ते संकेतस्थळावर किंवा दर्शनी जागी लावायचे असते. त्या धोरणात सर्वांना वापरता येतील अशी प्रसाधनगृहे, सुरक्षिततेचे उपाय, स्वच्छतेच्या वस्तू, नोकरीचे नियम सर्वांना सारखे लागू असल्याची हमी, कर्मचाऱ्याच्या लिंगओळखीबाबत गोपनीयता आणि तक्रार अधिकाऱ्याची माहिती असली पाहिजे. बहुतेक ठिकाणी असे धोरण नसते. तरीही ते लेखी मागावे, कारण 'धोरण नाही' हे उत्तर किंवा उत्तराचा अभाव हाच पुढे नियमभंगाचा पुरावा ठरतो.

मागणी चार ओळींत होते: 'कृपया पारलिंगी व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) कायदा, २०१९ आणि त्याखालील नियमांनुसार आपल्या आस्थापनेचे समान संधी धोरण आणि कलम ११ खाली नेमलेल्या तक्रार अधिकाऱ्याचे नाव व पत्ता मला कळवावा.' सरकारी कार्यालय, महापालिका, जिल्हा परिषद किंवा सार्वजनिक उपक्रम असेल, तर हीच माहिती माहिती अधिकाराच्या अर्जातून मागावी. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांत उत्तर, आणि उत्तर न आल्यास पुढील तीस दिवसांत पहिले अपील, एवढाच तो व्याप आहे. माहिती अधिकाराचा अर्ज मित्रानेही करायला हरकत नाही. त्यामुळे तुमचे नाव वेळेआधी पुढे येत नाही.

तिसरी पायरी: तक्रार

तक्रार अधिकारी नेमलेला नसेल तर तक्रार संस्थेच्या प्रमुखाच्या नावे करावी आणि 'आपण कलम ११ नुसार अधिकारी नेमलेला नसल्याने आपणांस लिहीत आहे' असे पहिल्याच परिच्छेदात नमूद करावे. तक्रार मराठीत लिहिली तरी चालते. 'मला खूप त्रास दिला जातो, माझा अपमान होतो' ही वाक्ये खरी असली तरी त्यांवर चौकशी करता येत नाही. पॅकिंग विभागातल्या त्या बाईंची पहिली तक्रार अशीच होती. वहीच्या आधारे पुन्हा लिहिल्यावर तिचा एक परिच्छेद असा झाला:

'दिनांक ३ जून रोजी सकाळी ९.४० वाजता विभागाच्या दाराशी पर्यवेक्षकांनी मला "तुझ्यासाठी वेगळे बाथरूम बांधायचे का" असे मोठ्याने म्हटले. त्या वेळी दोन सहकारी हजर होत्या. त्या दिवसापासून महिला प्रसाधनगृहाची किल्ली मला दिली जात नाही. याच विभागातील इतर अकरा महिला कामगारांना ती मागताच मिळते. माझी मागणी आहे की मला किल्ली त्वरित मिळावी आणि हजेरीपटावर माझे सध्याचे नाव लावावे.'

यात विशेषण एकही नाही, आणि तरीही वाचणाऱ्याला सगळे दिसते. शेवटी मागणी आहे, हेही पाहावे. कित्येक तक्रारींत नेमके काय हवे ते लिहिलेलेच नसते आणि मग 'समज देण्यात आली' असा शेरा मारून प्रकरण बंद होते. परत कामावर घ्यावे, थकलेला पगार द्यावा, बदली रद्द करावी, कागदोपत्री नाव सुधारावे, जे हवे ते स्पष्ट लिहावे.

तक्रार हाती दिली तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांकासह पोच घ्यावी. पोच द्यायला नकार मिळाला तर वाद न घालता त्याच दिवशी स्पीड पोस्टाने पोचपावतीसह पाठवावी आणि ईमेलही करावा. नियमांनुसार तक्रार अधिकाऱ्याने पंधरा दिवसांत चौकशी करायची असते आणि अहवाल मिळाल्यावर संस्थाप्रमुखाने पंधरा दिवसांत कारवाई करायची असते. या तारखा दिनदर्शिकेवर लिहून ठेवाव्यात आणि मुदत उलटताच दोन ओळींचे स्मरणपत्र पाठवावे.

जिल्हाधिकाऱ्यांकडून मिळालेले ओळख प्रमाणपत्र असेल तर त्याची प्रत जोडावी. नसेल तरी थांबू नये. भेदभावाला मनाई करणाऱ्या कलम ९ मध्ये प्रमाणपत्राची अट घातलेली नाही.

तक्रारीपूर्वी एका गोष्टीचा शांतपणे विचार केलाच पाहिजे. ज्यांनी घरी किंवा कामावर आपली ओळख सांगितलेली नाही, त्यांच्यासाठी तक्रार म्हणजे ओळख उघड होण्याची शक्यता असते. गोपनीयता हा नियमांनी दिलेला हक्क आहे, म्हणून तक्रारीवर 'गोपनीय' असे ठळक लिहावे, पत्रव्यवहारासाठी घराचा पत्ता न देता विश्वासू व्यक्तीचा किंवा वकिलाचा पत्ता द्यावा, आणि चौकशीशी संबंध नसलेल्या कोणालाही माहिती देऊ नये अशी लेखी मागणी करावी. एवढे करूनही धोका वाटत असेल, तर आधी राहण्याची सोय पक्की करून मग तक्रार देणे यात काहीही कमीपणा नाही.

पोलिसांकडे कधी जायचे

२०१९ च्या कायद्याचे कलम १८ शारीरिक, लैंगिक, शाब्दिक, मानसिक आणि आर्थिक छळाला, तसेच वेठबिगारीला, सार्वजनिक जागेत अटकाव करण्याला आणि घर किंवा गाव सोडायला लावण्याला गुन्हा ठरवते. शिक्षा सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत आणि दंड. अडचण अशी की तीन वर्षांहून कमी शिक्षेचे असे गुन्हे सर्वसाधारणपणे अदखलपात्र ठरतात, आणि ठाण्यात 'एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) घेतो' असे सांगून एक चिठ्ठी हाती देतात. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय त्या एनसीचा तपास होत नाही. म्हणून घटनेत दुसरा कोणता दखलपात्र गुन्हा आहे का ते पाहावे: वाट अडवून धरली असेल तर भारतीय न्याय संहितेचे कलम १२६, धारदार किंवा घातक वस्तूने मारले असेल तर कलम ११८. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७४ नुसार एकाच प्रकरणात एक जरी दखलपात्र गुन्हा असेल, तरी सर्व प्रकरण दखलपात्र धरले जाते. ठाणे अंमलदाराने गुन्हा नोंदवायला नकार दिला तर कलम १७३ प्रमाणे पोलीस अधीक्षकांना, आणि शहरात असाल तर पोलीस उपायुक्तांना, लेखी कळवावे. तेथेही काही झाले नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.

लैंगिक छळासाठी, कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाला मनाई करणाऱ्या २०१३ च्या कायद्याखाली संस्थेत नेमलेल्या अंतर्गत समितीकडे तीन महिन्यांच्या आत जाता येते. हा कायदा 'पीडित महिला' असे म्हणतो. ट्रान्स स्त्रीने याच शब्दांवर बोट ठेवून तक्रार द्यावी. ट्रान्स पुरुषांना तेथे अडचण येते, आणि त्यांनी कलम ११ ची तक्रार व पोलीस हे दोन मार्ग एकदम धरावेत.

संस्थेने दाद दिली नाही तर

राज्य सरकारी कर्मचारी किंवा उमेदवार असाल, तर महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण हे ठिकाण. तेथे जाण्याची मुदत सर्वसाधारणपणे एक वर्ष आहे. या मार्गाने काय घडू शकते ते २०२२ च्या पोलीस भरतीत दिसले. अर्जात स्त्री आणि पुरुष एवढेच पर्याय होते. दोन पारलिंगी उमेदवार न्यायाधिकरणात गेल्या, न्यायाधिकरणाने तिसरा पर्याय ठेवण्याचा आदेश दिला, आणि राज्य सरकारने त्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालय गाठले. उच्च न्यायालयाने सरकारला खडसावले, आणि अखेर डिसेंबर २०२२ मध्ये संकेतस्थळावर तिसरा पर्याय उघडण्याचे व शारीरिक चाचणीचे नियम फेब्रुवारी २०२३ अखेर करण्याचे सरकारने मान्य केले. त्यामुळे अर्जातच रकाना नसेल तर चुकीचा रकाना भरून गप्प बसू नये. अर्जाची मुदत संपण्यापूर्वी भरती यंत्रणेला लेखी हरकत पाठवावी. उशिरा उठवलेल्या हरकतीला न्यायालये फारशी किंमत देत नाहीत.

सरकारी अधिकाऱ्याकडून छळ झाला असेल, तर राज्य मानवी हक्क आयोगाकडेही एक वर्षाच्या आत तक्रार करता येते. खासगी नोकरीत असाल तर कामगार आयुक्तांचे कार्यालय गाठावे. वेतन संहितेचे कलम ३ एकाच स्वरूपाच्या कामासाठी लिंगाच्या कारणावरून पगारात फरक करायला मनाई करते आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. ओव्हरटाइममधून वगळल्याची तक्रार करताना तिचाही आधार घ्यावा. नोकरीवरून काढले असेल तर मुदती लहान असतात, म्हणून वकिलाचा सल्ला पहिल्या आठवड्यातच घ्यावा.

वकिलाचे पैसे नाहीत म्हणून घरी बसू नये. प्रत्येक जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते आणि १५१०० हा त्यांचा मदत क्रमांक आहे. मोफत वकील मिळण्यास पात्र असलेल्यांच्या यादीत महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग व्यक्ती, ठरावीक उत्पन्नाखालील लोक आणि औद्योगिक कामगार आहेत. औद्योगिक कामगाराला उत्पन्नाची अट नाही, ही गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. तेथे जाताना आधार कार्ड, नेमणूकपत्र, तक्रारीची पोच असलेली प्रत आणि नोंदवही न्यावी. खिडकीवरच्या माणसाने तुम्हाला पाहून 'मागायला इकडे नाही' असे म्हटले, तर तेथून परत फिरू नये. प्राधिकरणाचे सचिव न्यायिक अधिकारी असतात, थेट त्यांच्या दालनात जाऊन भेट मागावी.

सहकाऱ्यांसाठी एक विनंती. साक्षीला उभे राहण्याची हिंमत सर्वांना होत नाही, ते समजण्यासारखे आहे. पण त्या दिवशी आपण तेथे होतो एवढी एक ओळ स्वतःच्या वहीत तारखेसह लिहून ठेवायला कोणाची परवानगी लागत नाही, आणि सहा महिन्यांनी चौकशीत विचारले गेले तर तीच ओळ आठवणीला आधार देते. पॅकिंग विभागातल्या बाईंच्या बाजूने एकच सहकारी बोलली. तिने ओव्हरटाइमच्या यादीचा फोटो त्या शनिवारी सहज काढून ठेवला होता. यादीत अकरा नावे होती.

सर्व कागदांच्या तीन प्रती कराव्यात: एक स्वतःजवळ, एक वकिलाकडे आणि एक अशा मैत्रिणीकडे जी तुमच्या घरात राहत नाही. घरून अचानक बाहेर पडावे लागले तर पहिली प्रत बहुधा मागेच राहते.